कर्दळीचं वर्ष

आनंद नगर, भोपाळ
१४ एप्रिल १९९५

प्रिय वासंती,

पुण्याला जाऊन महिना झाला आणि पत्र केवढं, तर अडीच ओळींचं! "सुखरूप पोचलो. सामान फुटलं नाही. पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव." तार केली असतीस तरी यापेक्षा जास्त माया आली असती त्यात. रागावलोय मी. पण रागावून सांगायचं कुणाला, म्हणून तुलाच लिहितो.

काल तुमच्या क्वार्टरवरून गेलो. अजून कुणाला अलॉट झालेलं नाही. पुढे कंपनीचं कुलूप आहे, मागची कडी मात्र तशीच ढिली. आत शिरलो. (ओरडू नकोस.) कपडे वाळत घालायची तार आहे, त्यावर एक चिमटा राहिलाय. मागच्या पायरीवर बसून राहिलो. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा सवयीने दाराकडे बघितलं, की आता आगाशे काका सायकलवरून येतील आणि मला पळायला हवं. कोणी आलं नाही. पळायची इच्छा एवढी कधीच झाली नव्हती.

आता बातमी. मला नोकरी लागली. हसू नकोस. टाउनशिपच्या शाळेत पर्यावरण शिकवायचं. वरून हुकूम आलाय की हा विषय शिकवलाच पाहिजे, आणि शाळेत एकही टीचर तो घ्यायला तयार नाही, कारण त्याचे मार्क बेरजेत धरत नाहीत. मुख्याध्यापिका मिश्रा मॅडमनी मला बोलावून विचारलं, "बी.एस्सी. पूरी क्यों नहीं की?" म्हटलं, सर वर्गात माझा अपमान करत होते, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. मॅडम म्हणाल्या, "यहाँ टेबल पुरानी है, ज़रा धीरे पटकना." विषयाला मार्क नाहीत, मास्तरला डिग्री नाही. जोडी जमली.

पहिल्याच दिवशी पोरांना विचारलं, तुमच्या अंघोळीचं पाणी कुठे जातं? म्हणे नाली में. आणि नालीतून? "आगे." आगे म्हणजे कुठे? कोणाला माहीत नाही. पुस्तक मिटलं आणि सगळी वरात बाहेर काढली. तुमच्या लाइनीच्या मागची नाली धरून चालत गेलो. ती जाते कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, भिंतीला भोक आहे, भोकातून पलीकडे आनंद नगर, आणि तिथून, ऐक, थेट आमच्या खोलीच्या खिडकीखालून.

वासंती, तुमच्या घरचं कपडे धुतलेलं पाणी इतकी वर्षं माझ्या खिडकीखालून जात होतं आणि मला पता नव्हतं. मी नाक दाबून खिडकी लावून घ्यायचो.

काकांना पत्र लिहू का? सरळ विचारून टाकतो. किती दिवस असं लपून?

तुझा,
जयंत


पुणे
२ मे १९९५

प्रिय जयंता,

नालीवरून प्रेमपत्र लिहिणारा जगात तू एकटाच असशील. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारता मारता वाचलं आणि हसू आवरेना, म्हणून शिंक आल्याचं सोंग केलं.

पहिलं पत्र अडीच ओळींचं होतं, कारण त्याच्या आधीची तीन फाडली. फाडलेल्या पत्रांत काय होतं ते विचारू नकोस.

इथे सगळं चांगलं आहे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. पाणी नळातून येतं आणि जाळीतून जातं, कुठे जातं ते मलाही माहीत नाही. तुझ्या पोरांसारखीच मी. इथे भोंगा नाही. बाबा तरीही भोंग्याच्या वेळेला उठतात, तयार होतात आणि मग गॅलरीत उभे राहतात. स्वेच्छानिवृत्ती घेतली हे त्यांनी स्वतःला अजून सांगितलेलं दिसत नाही.

त्यांना पत्र लिहायची घाई करू नकोस. तुझं नाव त्यांना माहीत आहे. तू जर्नल आपटलंस ते तर सगळ्या बरखेडा टाउनशिपला माहीत आहे. "अर्धवट सोडणारा" असं म्हणाले होते एकदा, तुझं नाव न घेता. मी आधी वारा बघते, मग सांगते.

आणि क्वार्टरमध्ये शिरू नकोस. निदान चिमटा आणलास का?

वासंती


आनंद नगर, भोपाळ
२० मे १९९५

तीर्थस्वरूप काकांना,
जयंत लघाटे याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण मला ओळखता. मी आपल्या कन्येविषयी लिहिण्याचे साहस करीत आहे, तरी क्षमा असावी.

महाविद्यालय मी मध्येच सोडले हे सत्य आहे. परंतु आता मी रिकामा नाही. टाउनशिपच्या शाळेत मी मुलांना रोज शिक्षा देतो. मुलांनी प्रकृतीची काळजी घ्यावी हाच माझा उद्देश आहे. माझा सगळा संसार सध्या ही चाळीस मुलेच आहेत आणि त्यांच्यात मी अत्यंत प्रसन्न आहे.

वासंती आणि मी एकमेकांना चार वर्षांपासून जाणतो. आपण अनुमती दिलीत तर तिला सुखी ठेवण्याची मी जन्मभर चेष्टा करीन. हे मी मनापासून लिहीत आहे.

आपला आज्ञाधारक,
जयंत लघाटे


पुणे
१ जून १९९५

श्री. जयंत लघाटे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. दोनदा वाचले.

आपण शाळेतल्या मुलांना रोज शिक्षा देता असे कळवले आहे. त्यांचा अपराध काय ते लिहिलेले नाही. प्रकृतीची काळजी घेण्यासाठी शिक्षा द्यावी लागते हे मला नवीन आहे. आमच्या वेळी दूध आणि सूर्यनमस्कार यांवर भागत असे. आपल्या संसारात सध्या चाळीस मुले असून आपण प्रसन्न आहात हे वाचून माझ्या पत्नीस घेरी आली नाही, कारण तो मजकूर मी तिला वाचून दाखवलेला नाही.

राहता राहिली आमची कन्या. तिची जन्मभर चेष्टा करण्याचा आपला मनोदय आपण मोकळेपणाने कळवलात याबद्दल आभारी आहे. तिची चेष्टा करायला घरी तिचा भाऊ आहे. जास्त मनुष्यबळाची गरज नाही.

यापुढे पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

भा. वि. आगाशे


आनंद नगर, भोपाळ
८ जून १९९५

वासंती,

तुझ्या वडिलांचं पत्र सोबत पाठवतोय. वाच आणि सांग की ही कोणती पद्धत! मी किती आदराने लिहिलं होतं. आमच्या घरात जे शब्द कोणी बोलत नाही ते शोधून शोधून लिहिले. आईला दाखवलं तर तिचे डोळे भरून आले, म्हणाली, "किती शुद्ध लिहिलंस रे, आजोबांची आठवण झाली." आणि हे म्हणतात मनुष्यबळ! मी चेष्टा करीन म्हटलं तर त्यात वाईट काय आहे? माणूस चेष्टाच करू शकतो ना? यश मिळणं न मिळणं पुढची गोष्ट. का त्यांना हमीपत्र पाहिजे, स्टॅम्प पेपरवर?

मी येतोय पुण्याला. समोर उभा राहून विचारणार आहे. शाळा गेली खड्ड्यात.

जयंत


पुणे
१५ जून १९९५

माझ्या वेड्या जयंता,

आधी पाणी पी. मग खुर्चीवर बसून वाच.

मराठीत शिक्षा म्हणजे सजा. तू मुलांना शिक्षण देतोस. प्रकृती म्हणजे तब्येत. तुला म्हणायचा होता तो निसर्ग. संसार म्हणजे बायको-मुलं, घरदार. आणि चेष्टा करणं म्हणजे, अरे देवा, टर उडवणं, खिल्ली उडवणं. प्रयत्न लिहायचं होतं रे. प्रयत्न. तोही शब्द तुमच्या हिंदीत आहेच की, तोच लिहिला असतास तर काय झालं असतं?

आता पुन्हा वाच तुझं पत्र. मी वाचलं आणि आधी पोट धरून हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण जे सांगायचं ते हे नाही. तुला वाटतंय बाबांना कळलं नाही. जयंता, ते भोपाळला बावीस वर्षं होते. कारखान्याच्या शॉपमध्ये दिवसभर हिंदी बोलायचे. चेष्टा म्हणजे तिथे काय, शिक्षा म्हणजे काय, त्यांना तुझ्याइतकंच माहीत आहे. त्यांना तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर कळलं. कळलं म्हणूनच त्यांनी तसं उत्तर दिलं. शब्दांवरून तुला हाकलणं सोपं होतं. तू मनापासून लिहिलं होतंस, त्याला उत्तर देणं अवघड होतं.

मी विचारलं त्यांना. सगळं सांगितलं, चार वर्षांचं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुलगा वाईट नाही. पण जे हातात घेतो ते अर्धं टाकतो. उद्या तुलाही अर्ध्यात टाकेल." मग म्हणाले, त्याने या वर्षी पुण्यात येऊन राहिलेली बी.एस्सी. पूर्ण करावी. इथल्या एका कॉलेजात त्यांचे मित्र आहेत, ऑगस्टच्या आत आलास तर प्रवेश होईल. नाही आलास तर नाशिकचं एक स्थळ आहे, त्याला ते होकार कळवणार.

ये ना. मी नेहमी वारा बघणारी, पण आता बघवत नाही. इथे संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की खालून शंभर सायकली जातात आणि एकही तुझ्या सायकलसारखी वाजत नाही. ये.

तुझी वासंती


आनंद नगर, भोपाळ
९ जुलै १९९५

प्रिय वासंती,

उत्तराला उशीर झाला. आधी लाज वाटत होती, आईला समजावलं तर ती दोन दिवस कपाळाला हात लावून बसली, आणि मग आम्ही दोघं एवढे हसलो की शेजारचे बघायला आले. मिश्रा मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लघाटे, मराठी में तो फिर हम सब यहाँ सज़ा ही बाँट रहे हैं. बोर्ड बदलवा दूँ?"

आता इथलं सांगतो, कारण उशिराचं खरं कारण तेच.

नाली बघून आल्यावर एका पोरीने विचारलं, "सर, दीवार के उस पार पानी किसका होता है?" वर्गात भिंतीच्या इकडची पोरं आहेत, आनंद नगरची पण आहेत, एकाच बाकावर. इकडच्या पोराच्या घरचं पाणी बाकावर शेजारी बसणाऱ्याच्या दारात. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "तेरा साबुन नीला है ना? मेरे घर के सामने नीला झाग आता है." मारामारीच व्हायची.

तेव्हा मला सेकंड इयरचं आठवलं. कर्दळ. तिची मुळं घाण पाण्यात जगतात, आणि पाणी त्यांच्यातून हळूहळू गेलं की बऱ्यापैकी निवळतं. मॅडमनी टाउनशिपच्या ऑफिसातून परवानगी काढली आणि तुमच्या क्वार्टरच्या मागे, नाली भिंतीकडे वळते तिथे, आम्ही एक लांब चर खणला. खडी घातली, वाळू घातली, कर्दळ लावली. पाणी आता चरातून फिरून मग भोकातून पलीकडे जातं. दर शनिवारी पोरं भिंतीच्या दोन्ही बाजूंना बाटल्या भरतात, उन्हात धरतात, हुंगतात, लिहितात. इकडची पोरं तिकडचं पाणी, तिकडची इकडचं. अदलाबदल मुद्दाम. पहिल्यांदा "छी" करून पळाली, आता भांडतात की मी हुंगणार.

पण हे एका महिन्याचं काम नाही. पावसात चर भरून वाहतो, थंडीत कर्दळ वाळेल, उन्हाळ्यात पाणीच कमी होईल. पूर्ण वर्षाचं चक्र बघितल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. मार्चच्या शेवटापर्यंत कोणी सोडायचं नाही, अशी शपथ घातली. मोठा आवाज काढून.

आणि मी तिकीट काढलंय. झेलमचं, २८ जुलैचं. काकांना सांग. प्रवेश घेतो, पास होतो, जे म्हणतील ते करतो.

काल पोरांना सांगितलं. मला वाटलं होतं रडतील, थांबा म्हणतील. त्याच पोरीने फक्त विचारलं, "तो शनिवार को बोतल कौन भरवाएगा?" म्हटलं, मॅडम आहेत ना. तिने मान हलवली आणि वही पिशवीत टाकली. बस, एवढंच.

रात्री खिडकी उघडी ठेवतो आता. वास कमी झालाय का मला सवय झालीये, माहीत नाही. तुला बघायचंय, वासंती. दुसरं काही डोक्यात येतच नाही. चराचं काम करताना तुमच्या मागच्या पायरीवर पोरं बसायला बघतात, मी बसू देत नाही. का ते त्यांना सांगत नाही.

२९ ला पोचतो.

तुझा जयंत


पुणे
१७ जुलै १९९५

प्रिय जयंता,

येऊ नकोस.

हे दोन शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. आता बाकीचं भराभर लिहिते, नाहीतर हेही फाडेन.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू किती आनंदात लिहिलंयस ते तुझं तुला दिसतंय का? खडी, वाळू, निळा साबण. आणि मग मध्येच "मी तिकीट काढलंय." ते वाक्य दुसऱ्याच कुणाचं वाटलं मला. तू जर्नल आपटून निघालास तेव्हा मी तुझ्या बाजूने होते, आठवतंय? सगळ्या कॉलनीत मी एकटी. पण या वेळी तू आपटतही नाहीयेस. गुपचूप उठून चाललायस. आणि मी ये म्हटलं म्हणून चाललायस.

बाबा म्हणतात तू अर्ध्यात टाकतोस. म्हणून त्यांना डिग्री पाहिजे. डिग्रीसाठी तू पोरांना अर्ध्यात टाकणार. मग ते बरोबरच ठरले ना? हे मी त्यांना म्हणणार होते. म्हणवलं नाही. वारा बघणारीच मी.

पण नाशिकच्या स्थळाला मी नाही म्हटलं. ते मात्र मी स्वतः तोंडाने बाबांसमोर म्हटलं. आई घाबरून देवघरात गेली. बाबांनी पेपर वर धरला. तू येणार हे तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्यांना सांगून झालं होतं, येऊ नको म्हणून मी लिहिणार हे सांगायचं धैर्य नाही. तू आला नाहीस की आपोआप कळेल.

आपलं काय होईल, मला माहीत नाही. मार्च संपला की ये. त्याच्या आधी आलास तर मी दार उघडणार नाही. उघडीन. म्हणून येऊ नकोस.

मी पहिल्या तीन पत्रांत काय लिहून फाडलं होतं ते आता सांगते. तिन्हींत एवढंच होतं, की मला इथे करमत नाही.

वासंती


पुणे
३१ जुलै १९९५

चि. जयंत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा मी स्टेशनवर गेलो होतो. झेलम नेहमीप्रमाणे उशिरा आली. तू स्लीपरने येणार असे धरून त्या डब्यांपाशी उभा होतो. तू उतरला नाहीस. वाटले, डबा चुकला असेल, म्हणून पुढपर्यंत गेलो आणि मागे आलो. गाडी रिकामी झाली.

मला फार राग आला. पोरगा पुन्हा अर्ध्यात पळाला, असे मनात आले. घरी येऊन वासंतीला तसे म्हणालो. तेव्हा तिने तुझे ९ जुलैचे पत्र माझ्यासमोर ठेवले. ते माझ्यासाठी नव्हते, तरी वाचले. काही मजकूर बापाने वाचण्याजोगा नव्हता, तो मी ओलांडला.

पाण्याविषयीचे मात्र सावकाश वाचले. बावीस वर्षे त्या घरात राहिलो. अंघोळ केली, बादल्या ओतल्या. भिंतीपलीकडे कुणाचे दार आहे हे कधी मनात आले नाही. मी स्वतःला फार जबाबदार मनुष्य समजत असे.

तू आला नाहीस याचा राग अजून थोडा आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की गाडीतून तू उतरला असतास, तर मी तुला घरी आणले असते, प्रवेश घेऊन दिला असता, आणि मनातून तुला कधीच मानले नसते.

पुढच्या वर्षीही प्रवेश मिळतात. मित्राला तसे सांगून ठेवतो. नाशिककरांना नकार कळवला आहे.

मार्च संपू दे. मग ये.

हे पत्र वासंतीला दाखवलेले नाही. ती माझ्याशी बोलत नाही. तूच तिला कळव.

भा. वि. आगाशे


आनंद नगर, भोपाळ
१० डिसेंबर १९९५

प्रिय वासंती,

काकांचं पत्र आल्या दिवशीच तुला पाठवलं होतं, त्याची पोच तू दिलीस, तेव्हापासून आपण किती पत्रं लिहिली आणि तरी काही लिहिलंच नाही असं वाटतं. या वेळी नीट लिहीन म्हटलं.

थंडी पडलीये. कर्दळ काळी पडून वाकली. पोरं घाबरली, म्हणाली, "सर, मर गई." मी म्हटलं, नाही, वरचं सगळं कापून टाकायचं, जमिनीलगत. खाली गड्डे जिवंत असतात, ऊन वाढलं की पुन्हा फुटतील. पुस्तकात तसंच आहे. पोरांनी विळे आणले. मला एक पान कापवेना, तर त्यांनीच सगळं सपाट केलं, आणि पाला उचलून खड्ड्यात टाकला. आता चर नुसता दिसतो, खडी आणि चिखल. पाणी त्यातून जातंय. भिंतीपलीकडे बाटल्या पुन्हा थोड्या गढूळ यायला लागल्या आहेत. पोरं तेही लिहितात, जसंच्या तसं. एकाने विचारलं, चांगलं दिसावं म्हणून एक शनिवार गाळू या का? सगळी त्याच्या अंगावर धावून गेली. मला ओरडावंही लागलं नाही.

खाली जिवंत आहे, असं मी सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. एकाने पण उकरून बघितलं नाही. क्रिकेट खेळायला निघून गेली.

आणि मी, मास्तर, रोज शाळा सुटल्यावर तिथे जातो. पायरीवर बसतो. अंधार पडायच्या आत दोन बोटांनी माती बाजूला करतो, बघतो, पुन्हा दाबून टाकतो.

तुझा,
जयंत